मोकळी जागा आणि रिकामी जागा
नांदेड व लातूर येथील जुन्या वस्तीची कथा

नगरांचा इतिहास लिहितांना इतिहासकाराची दृष्टि बहुधा उभ्या असलेल्या वास्तूंवर खिळते. किल्ला कोणीं बांधला, देऊळ कधीं झालें, वेशीचा दरवाजा कोणाच्या अमदानींतला, हें सर्व सविस्तर सांगितलें जातें; परंतु घरांच्या मध्यें जी जागा सुटलेली असते तिचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. वास्तविक पाहतां गांवाचें शील त्या सुटलेल्या जागेवरून अधिक ओळखूं येतें. चौक, पार, घाट, बाजारपटांगण, गाडीतळ या साऱ्या मोकळ्या जागाच होत; आणि त्या कोणी तरी, कांहीं एक हेतु मनांत धरून, मोकळ्या ठेवलेल्या असतात. घर पडून जी जागा उघडी पडते तिची गोष्ट वेगळी. तिला मोकळी म्हणण्यापेक्षां रिकामी म्हणणें अधिक योग्य. मराठवाड्यांतील नांदेड व लातूर या दोन शहरांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या भेदाच्या उजेडांत पाहिला, म्हणजे जुन्या वाड्यांच्या जागीं वाहनतळ कां दिसूं लागले आणि त्यांत गांवाचें काय गेलें, याचा उलगडा होतो.

वाहनांना उभें राहण्यास जागा लागते ही अडचण मोटारीबरोबर जन्मास आलेली नाहीं. बैल जुंपलेली गाडी आजच्या लहान मोटारीहून कमी जागा व्यापीत नसे. शिवाय बैल सोडले म्हणजे त्यांना दावण, कडबा आणि पाणी हीं हवींतच. पुण्यास व हडपसरास 'गाडीतळ' हें नांव अद्यापि लोकांच्या तोंडीं आहे, तें या जुन्या व्यवस्थेची खूण म्हणूनच. मराठवाड्यांत धान्याच्या बाजारास मोंढा म्हणतात. मोंढा म्हणजे विस्तीर्ण पटांगण आणि त्याच्या कडेनें अडतीचीं दुकानें. शेतकऱ्यानें पहाटे गाडी आणावी, सौदा होईपर्यंत ती तेथेंच सोडावी, माप झालें कीं मीठमिरची व कापडचोपड घेऊन दिवस मावळण्यापूर्वीं गांवची वाट धरावी, असा क्रम होता. गाडी उभी राहणें हा व्यापाराचाच एक भाग होता, आणि व्यापार संपतांच गाडी निघून जाई. नांदेडांत 'जुना मोंढा' व 'नवा मोंढा' अशीं दोन नांवें आहेत. बाजार वाढला तेव्हां गांवानें त्याच्यासाठीं दुसरी जागा केली, एवढा इतिहास त्या दोन नांवांतच सांठवलेला आहे.

लातूरची मध्यवस्ती ही तर वाहतूक आणि व्यापार यांच्या संयोगाचें उघड उघड फळ होय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७ सालीं ती बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ सालीं लातुरास येऊन पोंचली. निजामाच्या राज्यांतील, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील एका कसब्याचा अशा रीतीनें मुंबईच्या बाजाराशीं संबंध जडला. भोंवतालच्या खेड्यांतून धान्य, कडधान्य, गूळ व कापूस घेऊन गाड्यांच्या रांगा येऊं लागल्या. जुन्या गल्ल्यांत त्यांचा समावेश होणें शक्य नव्हतें. नवी पेठ आंखावी लागली, आणि तीच गंजगोलाई.

गंज म्हणजे बाजार, आणि गोलाई म्हणजे वर्तुळ. मध्यभागीं जगदंबेचें देऊळ, त्याभोंवतीं वर्तुळाकार दुमजली इमारत, आणि तेथून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चहूंकडे गेलेले सोळा रस्ते, अशी ही रचना आहे. मुख्य इमारत १९१७ ची म्हणून सांगितली जाते, आणि आंखणीचें श्रेय नगररचनाकार फैयाजुद्दीन यांस देण्यांत येतें. सोन्याचांदीचा व्यापार, जोडे व वाहणा, मिरची, गूळ, अशा निरनिराळ्या जिनसांच्या पेठा या रस्त्यांवर बसल्या. कोणत्याही दिशेनें आलेल्या गाडीस मध्यापर्यंत पोंचतां यावें, माल उतरावा, आणि दुसऱ्या रस्त्यानें कोंडी न करतां बाहेर पडतां यावें, ही सोय सोळा वाटांमुळें झाली.

या योजनेंतलें मर्म ध्यानीं घेण्यासारखें आहे. गोलाईंतील मोकळेपणा हा भोंवतालच्या बांधकामामुळें निर्माण झालेला आहे. वर्तुळ डोळ्यांस वर्तुळ दिसतें, याचें कारण दुमजली इमारतीनें त्यास कांठ दिला. घरें आणि दुकानें हीं त्या पटांगणाची जणूं कूस होत. तीं काढून टाकलीं तर जागा वाढेल. परंतु गोलाई मात्र उरणार नाहीं. मोकळी जागा कशी घडवावी याचा हा धडा लातूरकरांच्या नित्य जाण्यायेण्याच्या वाटेवरच पडलेला आहे.

नांदेडचा संसार याहून पुष्कळ जुना. तीन बाजूंनीं गोदावरीनें वेढलेला नंदगिरीचा किल्ला, नदीचे घाट, आणि त्यांच्या आश्रयानें वाढलेल्या होळी, चौफाळा, इतवारा अशा वस्त्या हें जुन्या नांदेडचें स्वरूप. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग यांचें येथें निर्वाण झालें. पुढें १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंग यांनीं गुरुद्वाऱ्याची आजची वास्तु उभारविली. शिखांच्या पांच तख्तांपैकीं तें एक होय. १९०० च्या सुमारास हैदराबादेहून मनमाडकडे जाणारा गोदावरीच्या खोऱ्यांतील रेल्वेमार्ग झाला, मागाहून उस्मानशाही गिरणी निघाली, आणि यात्रेच्या व व्यापाराच्या या गांवास कामकऱ्यांच्या गांवाचेंही रूप आलें.

या दोन्ही गांवांतील जुनें घर म्हणजे माळवदाचा वाडा. दगडमातीच्या जाड भिंती, सागवानी खांब व तुळया, वर लांकडी पट्ट्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर, असें माळवद असे. रस्त्याच्या बाजूस दिंडीदरवाजा, आंत ढाळज, मग चौक, चौकाच्या चहूं अंगांनीं सोपे, आणि धान्यासाठीं भिंतींत राखलेलें बळद. येथेंही तोच नियम दिसतो. चौक मोकळा खरा. परंतु चार सोपे आहेत म्हणूनच तो चौक. उन्हाळ्यांत रात्रीची झोंप माळवदावर, लग्नाचा मांडव चौकांत, आणि येणाराजाणाराची विचारपूस ढाळजेंत, अशी घरांतल्या प्रत्येक उघड्या जागेची कामें ठरलेलीं असत.

परंतु माळवदाचें घर सांभाळून घ्यावें लागतें. पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं वर नवी माती टाकणें, ती चोपणें, पाणी वाहून जाण्यास उतार राखणें हीं कामें चुकवून भागत नाहीं. दोन पावसाळे दुर्लक्ष झालें तर पाणी मुरतें, तुळई कुजते, भिंत फुगते. घरांत राबणारीं माणसें होतीं आणि खेड्यावरून मातीची गाडी सहज येत होती, तोंवर हें निभावलें. पुढें मुलें शिकून औरंगाबाद, पुणें, मुंबई, हैदराबाद येथें नोकरीस गेलीं. वाड्याचे वारस वाढत गेले आणि वाड्यांत राहणारे कमी होत गेले. मातीची गाडी मागविण्याचें काम कोणाचें, हाच वाद होऊन बसला.

भाडेकरूंच्या प्रश्नानें या दुखण्यांत भर टाकली. महायुद्धोत्तर टंचाईच्या काळांत घरभाड्यांवर नियंत्रण आणणें सरकारांस अवश्य झालें. मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं आणि हैदराबाद राज्यांत १९५४ सालीं तसे कायदे झाले. गरीब भाडेकरूस या कायद्यांनीं छप्पर राखून दिलें, हें त्यांचें मोठें पुण्य. परंतु भाडें गोठलें आणि चुना, लांकूड व मजुरी यांचे भाव वाढत राहिले; दुरुस्तीचा खर्च भाड्यांतून निघेनासा झाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें वर्षास चार टक्के वाढीची मुभा दिली, तेव्हां कित्येक वाड्यांच्या तुळया केव्हांच कुजून गेल्या होत्या. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि पाऊस कोणासाठीं थांबेना.

अशांत १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांपैकीं बहुतेकांचा घात दगडमातीच्या भिंतींनीं आणि माळवदाच्या भारानें केला. ज्या छपराखालीं पिढ्यान्‌पिढ्या निवारा मिळाला, त्याच छपराची त्या दिवसापासून धास्ती वाटूं लागली. ही भीति अवास्तव नव्हती. भिंतींना आडवे बंध घालून व छपराचा भार कमी करून जुनें घर बळकट करतां येतें, हें अभियंत्यांनीं पुढें दाखवून दिलें. तरी लोकांच्या मनांत 'जुनें म्हणजे धोक्याचें' हें समीकरण पक्कें बसलें. वाडा पाडण्यास पूर्वीं जी लाज वाटे, ती उरली नाहीं.

इकडे वाहनेंही पालटत होतीं. निजाम सरकारच्या रेल्वेखात्यानें १९३२ च्या जूनमध्यें २७ गाड्यांनिशीं प्रवासी मोटारींची वाहतूक सुरू केली. सरकारी मोटार ठरलेल्या वेळीं येई आणि ठरलेल्या तळावरून सुटे; तिनें गल्लीचें कांहीं बिघडविलें नाहीं. खरा फरक पडला तो खासगी वाहनें घरोघर आल्यावर, म्हणजे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून. बैलगाडी सौदा होतांच परतत असे. दुचाकी व मोटार मात्र मालकाबरोबर दिवसभर बाजारांत मुक्काम करतात. दुकानदाराची गाडी सकाळीं येते ती रात्रींच हलते, आणि गिऱ्हाइकानें आपली कोठें ठेवावी हा प्रश्न उरतो.

पडका वाडा आणि गाडीस जागा शोधणारा माणूस यांची गांठ येथें पडते. क्रम बहुधा एकच असतो. भिंत कलते, नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते, वाडा उतरविला जातो. सागवान व घडीव दगड विकले जातात. नवें बांधावें तर वारसांचा वाद कोर्टांत. वाद मिटला तर जागा अरुंद आणि लांबट. नव्या इमारतीस वाहनांसाठीं जागा राखण्याचें बंधन असतें, आणि लहान जागेवर तें पाळूं गेल्यास बांधण्याजोगें फारसें शिल्लक राहत नाहीं. मग कोणी तरी मुरूम टाकतो, दोरी बांधतो, खुर्ची टाकून बसतो आणि पावत्या फाडतो. खर्च जवळ जवळ नाहीं आणि पैसा रोजचा रोज. जमिनीचा भाव आपोआप वाढत असतो, तेव्हां बांधण्याची घाई कोणासही नसते. तात्पुरता म्हणून आलेला तळ अशा रीतीनें वर्षानुवर्षें ठाण मांडतो.

या व्यवहारांत गांवास काय मिळतें याचा हिशेब सोपा आहे. मोटार उभी करण्यास सुमारें अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब जागा लागते. आंत येण्याची व वळण्याची वाट धरली तर दर मोटारीमागें सुमारें २५ चौरस मीटर. म्हणजे ३०० चौरस मीटरांचा वाडा पाडला तर बारा मोटारींची सोय झाली. त्याच जागेंत पूर्वीं तीनचार बिऱ्हाडें नांदत, दर्शनीं दोन दुकानें चालत, आणि त्या माणसांपैकीं बहुतेकांना बाजारास येण्यासाठीं वाहनाची गरजच पडत नसे. त्यांनीं गांवाबाहेर नव्या वसाहतींत घर केलें, म्हणजे तींच माणसें गाडीवर बसून बाजारास येतात आणि त्यांच्या गाड्यांसाठीं आणखी जागा हवी होते. रोगानेंच औषधाची मागणी वाढवावी, तशांतला हा प्रकार आहे.

याच मार्गानें पूर्वीं गेलेल्यांचा अनुभव उपलब्ध आहे. अमेरिकेंत १९३० नंतरच्या मंदींत शहरांच्या मध्यांतील जुन्या इमारतींस भाडेकरू मिळेनात. इमारतीवर कर जास्त आणि मोकळ्या जमिनीवर कमी, म्हणून मालकांनीं चांगल्या चांगल्या इमारती पाडून तेथें मोटारी उभ्या करण्यास प्रारंभ केला. ओहायो राज्यांतील कोलंबस शहरानें १९२३ सालींच रहिवासी इमारतींस मोटारींची जागा राखण्याची सक्ति केली होती. युद्धानंतर ही सक्ति देशभर पसरली. १९३५ च्या जुलैंत ओक्लाहोमा सिटी येथें रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारींकडून नाणें वसूल करणारें यंत्र प्रथम बसलें. एवढे उपाय करूनही अनेक शहरांचे मध्यभाग दातपडक्या तोंडासारखे झाले. मोटार ठेवण्यास जागा विपुल झाली, परंतु मोटारींतून उतरून जावें असें ठिकाण उरलें नाहीं. डोनल्ड शूप या अर्थशास्त्रज्ञानें २००५ सालीं या फुकट जागेची खरी किंमत विस्तारानें मांडली, आणि २०१७ सालीं बफेलो शहरानें ही सक्ति काढून टाकली.

नांदेडच्या इतिहासांत मात्र एक प्रसंग असा आहे, कीं तेथें घरें जाऊनही रिकामपण आलें नाहीं. १७०८ सालीं ग्रंथसाहिबास गुरुपद देण्यांत आलें, त्यास २००८ च्या ऑक्टोबरांत तीनशें वर्षें पूर्ण झालीं. त्या सोहळ्यास लक्षावधि यात्रेकरू येणार हें दिसत होतें. २००५ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें काढलेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेंत नांदेडचा समावेश झाला, आणि रस्ते, पूल, घाट, विमानतळ यांचीं कामें निघालीं. तख्ताच्या भोंवतीं अरुंद गल्ल्या आणि घरांची दाट वस्ती होती. तींतील घरें संपादून पाडण्यांत आलीं व गुरुद्वाऱ्यास प्रशस्त परिसर मिळाला. आज लांबून येणाऱ्या यात्रेकरूस वास्तूचें समग्र दर्शन होतें, आणि गर्दींत चेंगराचेंगरीचें भय पूर्वींसारखें राहिलें नाहीं. या जागेस हेतु आहे, कांठ आहे, आणि तिची देखभाल करणारे हात आहेत. म्हणून ती मोकळी जागा ठरते.

तथापि मोकळ्या जागेचेंही मोल द्यावें लागतें, आणि तें कोणीं दिलें हें इतिहासानें विसरूं नये. गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलीं कुटुंबें तेथून उठलीं. जमिनीचा मोबदला देतां येतो. शेजाराचा मोबदला कोणत्याही कोष्टकांत बसत नाहीं. देवदर्शनास येणाऱ्या लक्षावधींची सोय आणि तेथें राहणाऱ्या थोड्यांचें घर, यांत निवड करण्याची वेळ आली, आणि ती निवड उघडपणें, कारण सांगून केली गेली. वाडा पाडून दोरी बांधणाऱ्या तळाविषयीं असें म्हणतां येत नाहीं. तेथें कोणी निवड केलेलीच नसते. न निघालेला निकाल, न झालेली वांटणी आणि न परवडणारें बांधकाम यांची ती बेरीज असते.

लातुरास उलटा प्रकार घडत आहे. गोलाईची इमारत उभी आहे, सोळा रस्तेही आहेत. परंतु गाड्यांच्या येण्याजाण्यासाठीं जी वर्तुळाची जागा राखली, तींत दुचाकी, रिक्षा व हातगाडे यांची दाटी झाली आहे. १९८२ सालीं लातूर जिल्ह्याचें ठाणें झालें, २०११ सालीं तेथें महानगरपालिका आली, शिक्षणासाठीं दुरून विद्यार्थी येऊं लागले, आणि सोळा वाटांवरचा भार वाढत गेला. हा भार हलका करण्यासाठीं कडेचीं घरें एकेक करून पाडणें हा जो सोपा उपाय सुचतो, तो गोलाईच्या मुळावर येणारा आहे. कारण कांठ गेल्यावर वर्तुळास अर्थ राहत नाहीं.

यांतून वाट नाहीं असें नाहीं. जपानांत १९६२ च्या कायद्यानें मोटार घेणाऱ्यानें ती ठेवण्यास आपली जागा असल्याचा दाखला देणें आवश्यक केलें; त्यामुळें वाहनाचा भार गांवाच्या घरांवर न पडतां वाहन घेणारावर पडला. कोपनहेगन शहरानें त्याच वर्षीं आपला मुख्य बाजाररस्ता पायीं चालणारांसाठीं राखला, आणि मोटारींनीं व्यापलेले चौक हळूहळू माणसांस परत दिले. महाराष्ट्रांत १९६६ च्या नगररचना कायद्यान्वयें विकास आराखड्यांत वाहनतळासाठीं जागा राखून ठेवतां येते. परंतु ती दहा वर्षांत संपादली नाहीं तर मालकास नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेतां येतें. म्हणजे साधन आहे; वेळेवर तें वापरण्याचा निश्चय हवा. त्यांतून मराठवाड्यांतील बाजारांत दुचाकींचें प्रमाण मोठें. एका दुचाकीस उभें राहण्यास दोन चौरस मीटर पुरतात. बाजाराच्या कडेस एकदोन ठिकाणीं विचारपूर्वक तळ केले, तर आंतील दहा वाडे पाडण्याचें कारण पडणार नाहीं.

जुन्या नगररचनाकारांपुढें बैलगाडी होती, आजच्यांपुढें मोटार आहे. प्रश्न तोच आहे. गाडीस जागा द्यावीच लागेल. परंतु ती देतांना, गाडी ज्या माणसांना भेटण्यासाठीं व ज्या पेठेंत खरेदी करण्यासाठीं येते, तीं माणसें आणि ती पेठ जागच्या जागीं राहिलीं पाहिजेत. मोंढ्याचें पटांगण अडतीच्या दुकानांनीं राखलें, गोलाई दुमजली इमारतीनें राखली, वाड्याचा चौक चार सोप्यांनीं राखला. ज्या गांवास आपले कांठ राखतां येतात, त्यासच मोकळेपणा लाभतो; बाकीच्यांच्या वांट्यास रिकामपण येतें.